तळ्यावर बदकं

मुनाफ : ...आणि शेड केवढी लांब म्हणता, साहेब! या टोकाला माझं स्वयंपाकघर, त्या टोकाला मेंढ्या कातरणारा शेवटचा गडी. सकाळचा नाश्ता ट्रेमध्ये घालून मी निघायचो. मध्ये दोनदा बसून दम खायचो, एकदा नमाज पढून घ्यायचो. शेवटच्या गड्यापाशी पोचेपर्यंत त्याची इफ्तारची वेळ झालेली असायची.

कृष्णकांत : पण तो ऑस्ट्रेलियन गोरा. त्याला कुठली आलीय इफ्तार?

मुनाफ : तेच तर! बिचाऱ्याला काही न करता रोज रोजा घडायचा. पुढे पुढे तोच मला विचारायला लागला, मुनाफ, आपली ईद कधी?

कृष्णकांत : आपली ईद! अहो, पुरे, माझं बीपी वाढेल. पण मुनाफभाई, एक कळत नाही. तुम्ही तर जहाजावर कुक होतात ना? मग जमिनीवर कसे आलात? तेही पार त्या माळरानात, मेंढ्यांत?

मुनाफ : जहाजही मेंढ्यांचंच होतं, साहेब. तिकडे भरायच्या, आखातात उतरवायच्या. माझी माणसांपेक्षा मेंढ्यांशीच ओळख जास्त. एकदा तिकडच्या बंदरावर लोकर कातरणाऱ्यांचा मुकादम जहाजावर जेवला. उठला आणि कॅप्टनला म्हणाला, हा माणूस मला देऊन टाका.

कृष्णकांत : बिर्याणी घातलीत?

मुनाफ : छे हो, साधी डाळ. त्यांचा आधीचा कुक कसा होता ते ऐका म्हणजे कळेल. त्याचा पाव असा कडक, की भर रस्त्यात ट्रकचं चाक गेलं तेव्हा लोकांनी तो पाव लावला आणि गावापर्यंत जाऊन आले. आले, आणि उतरवून त्यालाच जॅम लावून खाल्ला.

कृष्णकांत : खाल्ला! धूळ-बिळ?

मुनाफ : धुळीनं जरा नरम पडला होता. आणि लंबू! लंबूचं सांगितलं नाही का तुम्हाला? सगळ्यांत जलद हात त्याचा. मेंढी आत शिरली म्हणेपर्यंत बाहेर. तिला पत्ताच लागायचा नाही. उन्हात उभी राहून बाकीच्यांना हसायची, बघा कशा नागड्या फिरतायत. मग थंडी वाजली की परत रांगेत येऊन लंबूपुढे उभी. कशाला? तर भाऊ, माझी लोकर तुमच्याकडे राहिली वाटतं.

कृष्णकांत : राहिली वाटतं! थांबा, थांबा, आता माझी एक. शंभर टक्के थाप हं. आमच्या जासईच्या यार्डात एक कंटेनर आला. आत आंब्याची कलमं. कागदावर एक शिक्का कमी. हा म्हणतो त्याच्याकडे जा, तो म्हणतो उद्या या. शेवटी शिक्का बसला, दरवाजा उघडला, तर आत आमराई! त्या वर्षी आमच्या सगळ्या स्टाफनं लोणचं घातलं.

मुनाफ : साहेब, हे खरं वाटतंय. खरं चालत नाही.

कृष्णकांत : थोडं खरं आहे. लोणचं खरं आहे.

मुनाफ : बाद! आता माश्यांचं ऐका. तिकडच्या माश्या म्हणजे काय, एकदा मी डेगचीचं झाकण उघडायला गेलो तर... श्श! बदकं! तळ्यावर बदकं!

फहमिदा : चहा.

मुनाफ : ठेव.

फहमिदा : भाऊंच्या कपात साखर कमी हाय.

कृष्णकांत : थँक्यू, भाभी. तुम्ही बरोबर लक्षात ठेवता.

फहमिदा : माश्यांचं काय झालं?

मुनाफ : काही नाही. असंच आपलं.

फहमिदा : मगाशी तर हसण्यानं गॅलरीचं ग्रिल वाजत होतं.

कृष्णकांत : आज फार उकडतंय नाही?

मुनाफ : उकडतंय.

फहमिदा : भाऊ, एक विचारू? ही बदकं कुठली? हे कायमचे घरी आले तेव्हापासून ऐकते. मी चहा घेऊन गॅलरीत पाय टाकला, की हे म्हणतात बदकं, आणि सगळे गप. वडाळे तलावावरची म्हणावीत, तर तो कुठे, आपली खांदा कॉलनी कुठे. इथून कचऱ्याची गाडी दिसते फक्त.

मुनाफ : शेडमधलं आहे ते काहीतरी. तुला काय करायचंय?

फहमिदा : मी भाऊंना विचारते.

कृष्णकांत : अहो भाभी, नथिंग सीरियस. उलट फनी आहे. तिकडे शेडमध्ये सगळे पुरुष. दिवसभर थापा, शिव्या, नको ते जोक्स. आणि कुणी बाई शेडकडे येताना दिसली, की दारातला माणूस ओरडायचा, तळ्यावर बदकं! की बाकीच्यांनी तोंडं आवरायची. कोडवर्ड हो. म्हणजे एक प्रकारचा रिस्पेक्टच तो.

फहमिदा : म्हंजे बदक मी.

कृष्णकांत : तसं नाही हो...

फहमिदा : मला वाटायचं, तिकडे चहालाच तसं म्हणत असतील. कपावर चित्र-बित्र असेल बदकाचं. एकदा वाटलं, तसले कप आणावेत बाजारातून. बरं वाटेल यांना.

कृष्णकांत : मी निघतो, मुनाफभाई. आमच्या हिचा, कुमुदचा फोन येईल बेंगळुरूहून. म्हणजे आमच्या लेकीच्या, इराच्या बाळातून तिला सवड झाली, तर येईल.

फहमिदा : चहा संपवून जा, भाऊ. उद्यापासून मिळणार नाय. मी सकाळी करंज्याला चालले. नशराकडे.

कृष्णकांत : वा, लेकीकडे! किती दिवस?

फहमिदा : राहायला.

मुनाफ : काय?

कृष्णकांत : बरं, मी... चहा उत्तम झालाय. येतो मी.

(कृष्णकांत कप अर्धा ठेवून जिना चढून जातात. गॅलरीत आता दोघंच.)

मुनाफ : राहायला म्हणजे?

फहमिदा : राहायला म्हंजे राहायला. माझ्या भावाचा मोहसीन येतोय सकाळी गाडी घेऊन.

मुनाफ : मला कधी सांगणार होतीस? गाडीत बसल्यावर?

फहमिदा : काल आले होते सांगायला. तुमी चौघं बसला होता. बदकं म्हणालात. मी चहा ठेवला आणि गेले.

मुनाफ : नशराला काय झालंय?

फहमिदा : काही नाय झालं. अबरार मस्कतला गेला. आपला जावई मस्कतला गेला, हे तरी ठाऊक हाय ना तुमाला? आता घरात ती आणि माहनूर, चार वर्षांची पोर. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तेवढा माणसांचा आवाज. तो संपला की दिवसभर अंगणात सुकत घातलेले बोंबील आणि ती. परवा फोन आला तिचा. मम्मा, आज मी कुणाशी बोललेच नाय, तुझ्याशीच पहिलं. दिवस मावळला होता तेव्हा. मला ते ओळखीचं वाटलं. माझ्या पोरीच्या वाट्याला ते मला नको.

मुनाफ : आणि मी? वीस वर्षं बाहेर काढून आलो मी, फहमिदा. रिकाम्या घरात बसायला आलो का?

फहमिदा : तुमचं घर कुठे रिकामं असतं? गॅलरी भरलेली असते. मी आत असते. तुमचा आवाज येतो, हसणं येतं. मी म्हणते, बघू तरी काय सांगतायत, म्हणून चहा टाकते. दिवसाला चार चार वेळा टाकते. दारात आले की सगळं बंद. या घरात आता जेवढी एकटी हाय, तेवढी मी तुमी नव्हता तेव्हाही नव्हते. तेव्हा निदान गॅलरीत कुणी हसत नव्हतं.

मुनाफ : मनात तसं काही नव्हतं गं. सवय लागलेली. तोंडातून निघून जातं.

फहमिदा : भाजीवाल्याला ठाऊक हाय, तुमच्याकडे कुत्रा होता. मला नाय. मेथी देताना म्हणतो, चाची, कुत्रा मेला तेव्हा चाचा किती रडले म्हणे. मी म्हटलं, कोण चाचा?

मुनाफ : कुत्रा आहे म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, कुत्रा शिवतो, मग नमाज कुठे पढता.

फहमिदा : विचारलंच असतं! तुमी काहीतरी सांगितलं असतं, मी फोनवर ओरडले असते, तुमी उलट ओरडला असता. तेवढं तरी बोलणं झालं असतं की नाय?

मुनाफ : झालं असतं.

फहमिदा : नाव काय होतं?

मुनाफ : कुणाचं?

फहमिदा : त्या कुत्र्याचं. भाजीवाल्याला ते नव्हतं ठाऊक. मी विचारलं त्याला.

मुनाफ : ते कुणालाच सांगितलं नाही.

फहमिदा : का?

मुनाफ : हसतील.

फहमिदा : हसवायलाच तर बसता रोज.

मुनाफ : पनवेल.

फहमिदा : पनवेलचं काय?

मुनाफ : नाव. पनवेल ठेवलं होतं त्याचं. मेंढ्या हाकायचं सोडून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायचा. सारखी हाक मारावी लागायची. म्हटलं, मारायचीच आहे हाक, तर... पनवेल, इकडे ये. पनवेल, बस. पनवेल, कुठे गेला होतास रे. त्या लोकांना काय कळणार होतं?

फहमिदा : यायचा?

मुनाफ : लगेच. शेपूट हलवत.

फहमिदा : हे मला फोनवर सांगायला काय झालं होतं हो? फोन यायचा तुमचा. बरे आहात ना? नशरा अभ्यास करते ना? मी ठीक आहे. झालं. मला वाटायचं, बाहेरचा फोन, महाग असतो. मग मोबाईल आला, व्हॉट्सॅप आलं, सगळं फुकट झालं. तरी तुमी ठीकच.

मुनाफ : सांगायचं काय होतं? लंबूचं? पावाचं चाक? तुला थापा मारू? शेडमध्ये रीतच होती, बाईसमोर नाही. आणि थापा बाजूला काढ, मग बघ मागे काय उरतं. पहाटे उठलो. बटाटे सोलले. मटण चढवलं. भांडी घासली. झोपलो. दुसऱ्या दिवशी परत बटाटे. यात कुणाला सांगण्यासारखं काय आहे?

फहमिदा : मला बटाट्यांचं चाललं असतं.

मुनाफ : बटाट्यांचं?

फहमिदा : केवढे असतात, माती कसली लागलेली असते, सुरी कुठली. इकडे मी पण बटाटेच सोलत होते ना.

मुनाफ : लालसर माती. नखात बसली की निघायची नाही.

फहमिदा : बघा, जमतंय.

मुनाफ : फहमिदा...

फहमिदा : थांबा. जाण्याआधी एकच विचारायचंय, मग नाय विचारणार. तुमची अम्मी गेली त्या दिवशी मी लाईन आळीतल्या बूथवरून तुमच्या मालकाच्या घरी फोन लावला. तुमाला शेडमधून बोलावून आणेपर्यंत बूथवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. तुमी आलात. मी म्हटलं, अम्मी सकाळी गेल्या. तुमी म्हणालात, बरं. आणि ठेवलात.

मुनाफ : हो.

फहमिदा : मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी. वाटलं, लाईन कट झाली असेल, आता परत लावतील. मागे लोक खोळंबले होते. घरी आले तर घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांचं एकच, मुनाफला कळवलंस का, काय म्हणाला मुनाफ? मी सांगितलं, खूप रडले. बोलताच येईना त्यांना, असे रडले.

मुनाफ : तू असं सांगितलंस?

फहमिदा : मग काय सांगू? बरं म्हणाले म्हणून सांगू?

मुनाफ : मालकीणबाई शेजारीच उभी होती. तिला आपली भाषा येत नाही, आणि मला त्या वेळी कुठलीच येईना. तोंडातून तेवढंच निघालं. दुसरा शब्द काढला असता तर तिच्या त्या साफ दिवाणखान्यात मी खालीच बसलो असतो.

फहमिदा : मग?

मुनाफ : मग काय, स्वयंपाकघरात गेलो. संध्याकाळचं जेवण व्हायचं होतं. मटणाचा रस्सा केला. मीठ घातलं. घातलंय हे विसरलो, परत घातलं. आणि मग चवही न बघता परत घातलं. असा झाला, की करंज्याच्या खाडीचं पाणी गोड लागावं.

फहमिदा : तौबा. ओरडले असतील सगळे.

मुनाफ : एरवी बटाटा जरा कच्चा राहिला तर ताट आपटणारी माणसं ती. पण मालकीणबाईनं माझा चेहरा बघून ओळखलं आणि त्यांच्या कानावर घातलं असणार. कुणी चकार शब्द काढला नाही. चमचा तोंडात घालायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे, आणि म्हणायचे, मुनाफ, अजून आहे का? लंबू तीनदा वाढून घेऊन गेला. मग सगळे एका मागोमाग पाण्याच्या टाकीकडे.

फहमिदा : पण संपवलं?

मुनाफ : पातेलं पुसून. तळाशी राहिलं होतं ते पनवेलपुढे ठेवलं. त्यानं हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि उठून गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं ना, घरात मयत झालीय म्हणून.

फहमिदा : कुत्र्यानंसुद्धा... अगं बाई... नाय, थांबा... कुत्र्यानंसुद्धा नाय खाल्लं?

मुनाफ : तू हसतेयस.

फहमिदा : हसू नको तर काय करू? तुमची अम्मी असती तर तीच आधी हसली असती. म्हणाली असती, याला घरात मीठ कुठे ठेवतात ते तरी कधी ठाऊक होतं?

मुनाफ : म्हणाली असती. अगदी अशीच म्हणाली असती.

फहमिदा : पुसा डोळे. आणि मग? जेवण झालं, मग?

मुनाफ : मग कुणी उठेचना. रोज खाल्लं की जो तो आपल्या खाटेवर. त्या दिवशी सगळे बसून राहिले. लंबूनं पहिली थाप मारली. दुसऱ्यानं त्याहून मोठी. मग तिसऱ्यानं. मी मधे, आणि चारी बाजूंनी थापा. कुणी विचारलं नाही, मुनाफ, कसा आहेस. मला एक शब्द बोलावा लागला नाही, फहमिदा. उपकार होते ते त्यांचे. तेव्हापासून मला तेवढंच येतं. चार माणसं बसली की आपण आधी थाप मारायची. नाही मारली तर कुणीतरी विचारेल, कसा आहेस.

फहमिदा : मला इकडे सगळ्यांनी विचारलं. चाळिसाव्यापर्यंत रोज कुणी ना कुणी. कशी हायस? कशी हायस?

मुनाफ : तू काय सांगायचीस?

फहमिदा : ठीक.

मुनाफ : नको जाऊस.

फहमिदा : जाणार. आता रुसून नाय. मगाशीपर्यंत रुसूनच जाणार होते, तेवढं खरं. पण नशरा एकटी हाय.

मुनाफ : मग मीही येतो.

फहमिदा : जावयाच्या घरी, तो नसताना? दोन दिवसांत तुमीच म्हणाल, लोक काय म्हणतील. आणि खोली एकच हाय तिची.

मुनाफ : मी इथे करू काय?

फहमिदा : चाळीस माणसांचं जेवण करत होता ना? आता एकाचं करा. मिठाचा डबा खिडकीत हाय, निळ्या झाकणाचा. आणि रोज फोन करा.

मुनाफ : काय बोलू फोनवर? आजच्यासारखं रोज नाही जमायचं मला. सगळं खरं खरं.

फहमिदा : खरं कुणाला हवंय रोज? खरं माझ्याकडे पुष्कळ पडलंय. मला थाप सांगा. भाऊंना सांगता तसली, मोठ्ठी. मी ऐकीन, नशरा ऐकेल, माहनूर ऐकेल. त्या घरात कुणीतरी हसलं पाहिजे.

मुनाफ : माश्यांची राहिलीय. उद्या माश्यांची सांगतो. पण एकट्यानं किती मारायच्या? समोरून पण आली पाहिजे. तुला कुठे येतात?

फहमिदा : मी मारलीय की एक. खूप रडले म्हणून.

मुनाफ : ती थाप नव्हती. फक्त मी तुला ऐकू येऊ दिलं नव्हतं.

फहमिदा : मग दुसरी ऐका. पनवेलला एक बाई होती. तिचा नवरा इतका लांब, इतका लांब, की त्यानं तिकडून सलाम केला, तर तो इकडे पोचेपर्यंत पोरगी एक इयत्ता पुढे जायची.

मुनाफ : वा! मग?

फहमिदा : बाई रोज दोन कप चहा करायची. एक प्यायची, एक झाकून ठेवायची. होता होता इथे कॉलनी उभी राहिली, रस्ते झाले, पूल झाले, विमानतळसुद्धा झाला. कप आपला झाकलेलाच.

मुनाफ : गार झाला असेल.

फहमिदा : थापेत चहा गार होत नाय. मधे बोलू नका. एक दिवस दारात एक माणूस आला. म्हातारा. हातात दोन बॅगा. म्हणाला, मी आलो. बाईनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, तो झाकलेला चहा दिला. आणि म्हणाली, बसा हं, ते येतीलच इतक्यात.

मुनाफ : मग?

फहमिदा : मग तो बसला. गॅलरीत.

मुनाफ : आणि तिचा नवरा? आला का तो?

फहमिदा : आला ना. आज आला, थोडासा. पण बाईची गाडी सकाळची हाय.